बदकाच्या भिंगातील एलडीएच : 'शून्य' नोंदीचे प्रकरण

मासळी खाणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही शिजलेल्या बांगड्याच्या डोळ्यातला पांढरा, टणक मणी ओळखीचा असतो. तो मणी म्हणजे माशाच्या डोळ्याचे भिंग. कच्च्या माशात ते काचेसारखे पारदर्शक असते. आमटीला उकळी आली की त्यातली प्रथिने अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठतात आणि त्यातून प्रकाश जाईनासा होतो. भिंगातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी ८० ते ९० टक्के प्रथिने क्रिस्टलिन या गटातली असतात आणि प्रकाश वळवण्याची भिंगाची शक्ती त्यांच्या दाट, एकसारख्या रचणीतून येते. पुढील प्रकरण अशाच एका क्रिस्टलिनचे आहे. ते बदकाच्या डोळ्यात भिंगाचे बांधकाम करते आणि त्याच बदकाच्या हृदयात एन्झाइम म्हणून काम करते. हे आम्हाला आधी माहीत असते, तर पुढची सगळी खटपट झाली नसती, आणि हे टिपण लिहिण्याचे कारणही उरले नसते.

प्रकल्प

सिंधुदुर्गातील एका महाविद्यालयात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा हा प्रकल्प होता आणि मार्गदर्शक मी. ती आचऱ्याच्या खाडीकाठच्या गावातली. प्रश्न तिने स्वतःच काढला होता आणि तो चांगला होता. भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या गाभ्यातील तंतुपेशी प्रकाशाच्या वाटेत अडथळा नको म्हणून आपले केंद्रक आणि मायटोकॉन्ड्रिया टाकून देतात. अशा पेशींना ऊर्जा मुख्यतः ग्लुकोज तोडून, प्राणवायूवाचून मिळवावी लागते, आणि त्या मार्गाच्या शेवटच्या पायरीवर पायरुवेटचे लॅक्टेट करणारे एन्झाइम म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, अर्थात एलडीएच. मग वेगवेगळ्या प्राण्यांच्या भिंगांत हे एन्झाइम किती असते, असे तिने विचारले. बोकड, बांगडा, कोंबडी आणि बदक अशी चौघांची तुलना करायचे ठरले.

छोट्या गावातील महाविद्यालयाला हा विषय परवडणारा होता, कारण एलडीएच मोजण्याचे किट कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते आणि भिंगे फुकट मिळतात. बोकडाचे डोळे मटणाच्या दुकानातून आले. बांगडे बंदरावरून आणले. गटारीच्या आदल्या दिवशी चिकन सेंटरवाल्याने कोंबड्यांची डोकी पिशवी भरून दिली. बदके तिच्या घरचीच होती. त्यांतली दोन त्याच आठवड्यात पाहुण्यांसाठी कापली गेली. सगळे नमुने मासळी नेण्याच्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवून एसटीने आले.

भिंग काढण्याचे काम पाहण्यासारखे असते. बुबुळाच्या कडेने कात्रीने गोल कापून मागून हलका दाब दिला की चिकट द्रवासकट भिंग बाहेर घरंगळते. मग ते टिपकागदावर फिरवून पुसायचे. बांगड्याचे भिंग खलात सहजी फुटत नाही, गोटीसारखे निसटते. पक्ष्यांचे भिंग मऊ असते, बोटाच्या दाबाने चपटे होते. प्रत्येक भिंग थंड फॉस्फेट बफरमध्ये वाटून, सेंट्रिफ्यूज करून वरचा निवळ द्रव घेतला. तो गोठवला मात्र नाही, कारण एलडीएचचे काही प्रकार गोठवल्यावर निकामी होतात. नळ्या साध्या फ्रिजमध्येच राहिल्या.

शून्य

मोजणी तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमधील सेमी-ऑटो अॅनालायझरवर केली. बोकड, बांगडा आणि कोंबडी यांचे आकडे आले. बदकाच्या नमुन्याला यंत्राने जवळजवळ शून्य दाखवले. दुसऱ्या बदकाचा नमुना लावला, तेव्हाही तेच. विद्यार्थिनीने वहीत लिहिले, 'बदक : एलडीएच आढळले नाही', आणि त्या पानावर माझी सही झाली.

येथे चूक माझी आहे, आणि ती केवळ सही करण्याची नाही. शून्य आल्याबरोबर मी त्याचे कारणही देऊन टाकले. आदल्या रात्री वादळी पावसात वीज गेली होती, फ्रिज पाच-सहा तास बंद होता. तेव्हा एन्झाइम मेले असणार. आमच्याकडे पावसाळ्यात प्रयोगशाळेत काहीही बिघडले की वीज गेल्याचे कारण हाताशी तयार असते, आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एकाच फ्रिजमध्ये, एकाच रॅकमध्ये ठेवलेल्या आठ नळ्यांपैकी फक्त बदकाच्या दोन नळ्यांचेच एन्झाइम वीज गेल्याने कसे मरेल, हा साधा प्रश्न मी विचारला नाही. शिवाय ग्लुकोजवर जगणाऱ्या भिंगात हे एन्झाइम मुळीच नसावे, हे ज्या तर्कावर प्रकल्प उभा होता त्याच्याच विरुद्ध होते.

शंका घेतली ती लॅबमधील जुन्या तंत्रज्ञांनी. त्यांनी अंतिम आकड्याकडे न पाहता नमुन्याने सुरुवातीला किती प्रकाश शोषला ते पाहिले आणि मुलीला म्हणाले, "गो, ह्यां सिरम न्हय. आधी पातळ कर."

त्यांच्या म्हणण्यामागचे रसायन असे. किटमधील द्रावणात पायरुवेट आणि एनएडीएच, म्हणजे एलडीएचला क्रियेसाठी लागणारा जोडीदार रेणू, असते. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषते. ते खर्च होऊन एनएडी झाले की शोषण थांबते. म्हणून शोषण ज्या वेगाने उतरते, तोच एलडीएचच्या क्रियेचा वेग. ०.२ मिलिमोलर एनएडीएचचे एक सेंटिमीटरच्या क्युवेटमधील (नमुना धरणाऱ्या पारदर्शक नळीतील) शोषण सुमारे १.२४ येते, म्हणजे यंत्राने उतरंड मोजायला सुरुवात करताना आकडा त्याच्या आसपास असायला हवा. पण यंत्र नमुना मिसळल्यावर थोडा वेळ थांबते आणि मग मोजू लागते. नमुन्यात एन्झाइम बेसुमार असेल, तर त्या थांबण्याच्या वेळातच सगळे एनएडीएच संपते, आणि यंत्राला पुढे दिसते ती फक्त एक सपाट रेषा. सपाट रेषेचा अर्थ ते शून्य असा लावते. बदकाच्या क्युवेटमधील पहिलाच आकडा संपलेल्या द्रावणाचा होता. माणसाच्या सिरमसाठी, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या निवळ द्रवासाठी, बांधलेल्या पद्धतीत वाटलेले भिंग घातल्यावर असे होणार, हे सिरमच्या पलीकडे कधी काही न मोजलेल्यांना सुचत नाही. आणि त्या दिवशी आम्ही दोघेही त्यांतलेच होतो.

नमुना दहापट पातळ केला तरी रेषा सपाटच. शंभरपट केल्यावर ती वाकडी उतरू लागली. हजारपटीला सरळ उतरली. पातळ केल्याच्या पटीने गुणून आणि नळीतील एकूण प्रथिनाने भागून जो आकडा आला, तो चौघांमध्ये सर्वांत मोठा होता, आणि मोठाही थोडाथोडका नव्हे. कोंबडीचे भिंग त्याच्यापुढे किरकोळ ठरले. म्हणजे 'आढळले नाही' ही नोंद अतिरेकाची होती.

रक्ताची शंका

आता उलटी शंका आली, आणि ती रास्त होती. तांबड्या पेशींत एलडीएच भरपूर असते. म्हणूनच हिमोलिसिस झालेल्या, म्हणजे तांबड्या पेशी फुटून मिसळलेल्या, सिरमचा एलडीएच आकडा कोणताही शहाणा तंत्रज्ञ ग्राह्य धरत नाही. बदक घरी कापले होते, डोळे काढताना रक्त लागले असणार. मग मोजले ते भिंगाचे एन्झाइम की रक्ताचे?

एक सूचना अशी आली की नमुना अर्धा तास ६० ते ६५ अंशांवर तापवावा. यकृत आणि स्नायूंतील एलडीएच त्या तापमानाला टिकत नाही, हृदयातील टिकते, आणि पूर्वी हृदयविकाराच्या निदानात ही युक्ती वापरत असत. ती सूचना सोडून द्यावी लागली. माणसाच्या तांबड्या पेशींतही मुख्यतः हृदयासारखेच प्रकार असतात. पक्ष्याच्या रक्ताचेही तसेच असले, तर या चाचणीने रक्त आणि भिंग वेगळे करता येणार नव्हते. अनेकदा प्रकल्पांमध्ये अशा चाचण्या केवळ करता येतात म्हणून केल्या जातात आणि अहवालात दोन पाने वाढतात. येथे ते टळले.

त्याऐवजी दोन सरळ गोष्टी केल्या. नव्या भिंगांचे शेवटचे धुवण जपून ठेवले आणि त्यात एलडीएच मोजले. ते नगण्य निघाले. मग वाटलेल्या नमुन्यात ड्रॅबकिनच्या द्रावणाने ५४० नॅनोमीटरला हिमोग्लोबिन पाहिले. एवढे एलडीएच रक्तातून आले असते, तर नमुना लालभडक असायला हवा होता. प्रत्यक्षात डोळ्यांना रंग दिसत नव्हता आणि यंत्रालाही हिमोग्लोबिन सापडले नाही. रक्ताचा प्रश्न मिटला.

जांभळा पट्टा

खरा निकाल मात्र जेलने दिला. जेलच्या पातळ थरातून विजेच्या ओढीने प्रथिने सरकतात आणि वेगवेगळ्या उंचीवर पट्टे करून थांबतात. एलडीएचचा रेणू चार उपघटकांचा असतो. उपघटक दोन तऱ्हांचे, ए आणि बी. त्यांच्या मिसळणीतून पाच प्रकार होतात. चारही बी असलेला प्रकार हृदयात जास्त, चारही ए असलेला स्नायूंत आणि यकृतात. एका उपघटकाचे वजन सुमारे ३५ किलोडाल्टन. साध्या एसडीएस जेलवर, ज्यात प्रथिनांची घडी मोडते, बदकाच्या नमुन्यात त्या पातळीला जाड पट्टा आला, पण बीटा-क्रिस्टलिनचे काही पट्टेही त्याच भागात येतात. तेव्हा नुसत्या जाडीवरून काही ठरवणे घाईचे झाले असते.

म्हणून प्रथिनांची घडी न मोडता जेल चालवले. प्रत्येक नमुन्याच्या तीन ओळी घेतल्या आणि जेलचे तीन तुकडे केले. एक तुकडा कोमासीच्या निळ्या रंगात गेला, ज्यात प्रथिन म्हणून जे काही आहे ते सगळे दिसते. दुसरा तुकडा लॅक्टेट, एनएडी, फेनाझिन मेथोसल्फेट आणि नायट्रोब्लू टेट्राझोलियम यांच्या मिश्रणात अंधारात ठेवला; त्यात जिथे एलडीएच जिवंत असेल तिथेच जांभळा रंग उमटतो. मुलीने कपाटाचे दार उघडून पाहिले तेव्हा बदकाच्या ओळीत जांभळा पट्टा इतका गडद झाला होता की त्याच्या कडा पसरू लागल्या होत्या. कोंबडीच्या ओळीत पुसट रेघ होती. लॅक्टेट न घातलेल्या मिश्रणातला तिसरा तुकडा कोरा राहिला, म्हणजे रंग एलडीएचचाच होता.

पहिले दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवल्यावर महत्त्वाची गोष्ट दिसली. जांभळा पट्टा ज्या उंचीवर होता, तिथेच निळ्या तुकड्यावर बदकाच्या ओळीतील एक मोठा पट्टा होता. एन्झाइम सहसा पेशीत इतके थोडे असते की कोमासीच्या रंगात त्याची स्वतंत्र रेघही नजरेत भरत नाही. येथे मात्र एन्झाइमचा पट्टा भिंगाच्या बांधकामातील प्रमुख पट्ट्यांपैकी एक होता. दुसरा एक जाड निळा पट्टा कोंबडी आणि बदक दोघांतही होता, पण तिथे जांभळे काही नव्हते. पक्ष्यांच्या भिंगात डेल्टा-क्रिस्टलिन भरपूर प्रमाणात असते, हे लक्षात घेता तो पट्टा त्याचाच असावा.

आधीच माहीत असलेली गोष्ट

या टप्प्यावर आम्ही जे आधी वाचायला हवे होते ते वाचले. १९८७ साली अमेरिकेतील नॅशनल आय इन्स्टिट्यूटमधील ग्रॅहॅम विस्टो यांनी नेदरलँड्समधील विल्फ्रेड डी याँग यांच्या गटासह दाखवून दिले होते की अनेक पक्षी आणि मगरी यांच्या भिंगांत सापडणारे एप्सिलॉन-क्रिस्टलिन म्हणजे एलडीएचच आहे. पुढच्याच वर्षी बदकाचे एप्सिलॉन-क्रिस्टलिन आणि एलडीएच-बी ही एकाच जनुकाची, तंतोतंत एक असलेली प्रथिने असल्याचे सिद्ध झाले. कोंबडीच्या भिंगात हे क्रिस्टलिन नसते. आमच्या जेलवरील पुसट रेघ ही भिंगाच्या रोजच्या गरजेपुरत्या एलडीएचची होती.

त्याच अमेरिकी संस्थेतील जोरॅम पियाटिगोर्स्की यांनी याला १९८८ मध्ये जनुकाची वाटणी असे नाव दिले : एकच जनुक, एकच प्रथिन, दोन कामे. १९९९ मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स जेफ्री यांनी अशा प्रथिनांसाठी मूनलाइटिंग हा शब्द रूढ केला. दिवसा नोकरी करून रात्री दुसरे काम करणाऱ्यावरून तो आला आहे. मराठीत यासाठी 'बहुकार्यी प्रथिन' असा कोरडा शब्द वापरता येईल, पण भातशेती सांभाळून मासेमारीला जाणाऱ्यांच्या मुलखात 'जोडधंदा करणारे प्रथिन' म्हटले तर अर्थ ताबडतोब कळतो.

या शब्दाची व्याख्या मात्र काटेकोर आहे आणि ती सैल करणे योग्य नाही. एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून बनलेली दोन प्रथिने, दोन जनुके एकत्र येऊन झालेले दुहेरी प्रथिन, किंवा एका कुटुंबातील सारखी दिसणारी दोन भावंडे यांत मोडत नाहीत. हा भेद डेल्टा-क्रिस्टलिनमध्ये चांगला दिसतो. ते अर्जिनिनोसक्सिनेट लायेज या एन्झाइमापासून आले आहे. पक्ष्यांत त्याची दोन जनुके शेजारी शेजारी आहेत. कोंबडीच्या भिंगात मुख्यतः पहिले वापरले जाते आणि त्याच्या प्रथिनात एन्झाइमची क्रिया उरलेली नाही. बदकाच्या भिंगात दोन्ही वापरली जातात, म्हणून त्यात त्या एन्झाइमची क्रियाही भरपूर असते. कोंबडीने कामे वाटून दिली, बदकाने नाही. माकूळ (स्क्विड) साफ करताना डोळ्यातून जो स्वच्छ टणक मणी निघतो, त्याचे क्रिस्टलिनही ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज या एन्झाइमापासून आलेले आहे. पण तिथे जनुकाच्या प्रती वाढून बहुतेकींनी मूळ काम सोडले आहे. तेव्हा माकुळाचे उदाहरण जवळचे असले, तरी बदकाइतके चोख नाही.

एन्झाइमच का?

भिंगाच्या गाभ्यातील पेशी केंद्रक टाकून देतात, म्हणजे तिथले प्रथिन एकदा बनले की नवे येत नाही. ते आयुष्यभर टिकले पाहिजे. शिवाय ते पाण्यात चांगले विरघळले पाहिजे, कारण भिंगाच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिन असते आणि इतक्या दाटीत गुठळी झाली तर मोतीबिंदूच होईल. ग्लुकोज तोडणारी एन्झाइमे जुनी, स्थिर आणि विद्राव्य असतात. अशा प्रथिनाला भिंगात कामाला लावण्यासाठी त्याच्या रचनेत फारसा बदल करावा लागत नाही. त्याचे जनुक भिंगात जोराने चालू करणारी कळ बदलली की पुरते. बदकाच्या भिंगात एनएडीएचचे प्रमाणही असाधारण जास्त असते, आणि एन्झाइमला चिकटलेले हे एनएडीएच अतिनील प्रकाश गाळत असावे असा तर्क मांडला गेला आहे. मला तो आकर्षक वाटतो, पण तर्क म्हणूनच. या व्यवस्थेची एक अडचण नक्की आहे : जनुकात पुढे कोणताही बदल झाला तर तो हृदय आणि डोळा या दोन्ही ठिकाणी चालला पाहिजे.

येथे काम बदलते ते प्रमाणामुळे आणि जागेमुळे. इतरत्र कारणे वेगळी असतात. पेशीद्रवातील अॅकोनिटेज लोहाच्या गुच्छासह असते तेव्हा एन्झाइम असते. लोह कमी पडून गुच्छ सुटला की तेच प्रथिन फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) आणि ट्रान्सफेरिन-ग्राहक (लोह पेशीत घेणारे प्रथिन) यांच्या आरएनएला चिकटून लोहाचा साठा आणि आवक सांभाळते. १९८६ मध्ये चेतापेशींना जगवणारा घटक म्हणून जाहीर झालेले न्यूरोल्युकिन दोन वर्षांनी ग्लुकोजच्या मार्गातील फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज निघाले. पेशीच्या आत एक काम, बाहेर पडल्यावर दुसरे. आणि बदकाच्या भिंगात टाऊ-क्रिस्टलिन म्हणून असलेले अल्फा-इनोलेज घ्या. आमच्याकडे लावणीच्या दिवसांत चिखलातून माणसांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा जंतू आपले इनोलेज पेशीबाहेर सोडतो, आणि ते तिथे माणसाच्या रक्तातील प्लाझ्मिनोजेनला, म्हणजे गुठळ्या विरघळवणाऱ्या एन्झाइमच्या मूळ रूपाला, धरते. ग्लुकोज तोडण्याशी त्याचा काहीही संबंध नाही.

शेवटची ओळ

एक चाचणी राहिली होती. भिंगातील प्रथिन आणि हृदयातील प्रथिन एकच असेल, तर घडी न मोडलेल्या जेलवर दोन्ही एकाच उंचीवर थांबली पाहिजेत. दिवाळीनंतर घरी आणखी एक बदक कापले गेले. त्याचे हृदय आणि दोन्ही भिंगे त्याच दिवशी आली. हृदयाचा नमुना शंभरपट पातळ करून आणि भिंगाचा हजारपट पातळ करून लगतच्या खाचांत भरला. जांभळे पट्टे एका रेषेत आले. एका रेषेत येणे म्हणजे एकच प्रथिन असल्याचा पूर्ण पुरावा नव्हे, तो १९८८ मधल्या अनुक्रमाच्या कामातच आहे. अहवालात आम्ही 'सुसंगत' एवढाच शब्द वापरला.

वहीतले जुने पान फाडले नाही. 'एलडीएच आढळले नाही' या ओळीवर शाईची एक आडवी रेघ मारली, खाली 'नमुना अतिसंहत. पान ३१ पाहा' असे लिहिले, आणि तारखेसह दोघांनी पुन्हा सही केली.